प्रोटीनचे स्फटिक रोबोटकडून वाढवून घेताना: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात रोबोटच्या काचेला नाक लावून उभा राहतो. बघण्यासारखं असतंच ते. आठ बारीक टिपा एका रांगेत खाली येतात, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा थेंब ठेवतात, उठतात आणि पुढच्या रांगेवर सरकतात. दोन-तीन मिनिटांत ९६ थेंब. महिनाभराने तोच मुलगा किंवा तीच मुलगी तोंड पाडून येते: "सगळीकडे नुसता गाळ आलाय."

प्रोटीनच्या रेणूची रचना क्ष-किरणांनी बघता यावी म्हणून आम्ही त्याचे स्फटिक वाढवतो. हा लेख त्या महिन्याबद्दल आहे. रोबोटचं बटण कुठलं हे मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअलमध्ये नसतं ते इथे लिहितोय.

माझे काका साखर कारखान्यात पॅनमन होते. पाक आटवताना ते सारखा काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन दिव्यासमोर धरत. पाक पुरेसा गाढ झाला की बारीक साखरेचं बी सोडायचं आणि दाणा त्यावरच वाढू द्यायचा. हात घाईचा झाला, पाक जास्तच आटला, तर आपोआप लाखो बारीक कण पडतात. कारखान्यात त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. मग तो पॅन गेलाच म्हणून समजा. प्रोटीनच्या स्फटिकांत आम्ही नेमकं हेच करतो. फरक एवढाच की काकांचा पॅन टनांत मोजायचा आणि आमचा थेंब नॅनोलिटरमध्ये.

थेंबात काय चालतं

सगळ्यात जास्त वापरात असलेली पद्धत वाफेच्या देवाणघेवाणीची, म्हणजे व्हेपर डिफ्यूजन. प्लेटमधल्या मोठ्या खड्ड्यात, ज्याला आपण रेझर्वॉयर म्हणतो, पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, एक चिकट पॉलिमर) किंवा अमोनियम सल्फेटसारख्या क्षाराचं द्रावण असतं. शेजारच्या छोट्या कट्ट्यावर प्रोटीनचा आणि त्याच द्रावणाचा समसमान थेंब. वरून पारदर्शक टेप. थेंबात क्षार निम्माच असल्यामुळे त्यातलं पाणी वाफ होऊन हळूहळू रेझर्वॉयरकडे जातं, थेंब आकसतो आणि आतलं प्रोटीन दाट होत जातं. शेवटी थेंब जवळपास निम्मा उरतो आणि प्रोटीनची सांद्रता, मिसळताना अर्धी झाली होती, ती पुन्हा मूळ पातळीच्या आसपास येते.

या वाटेवर चार मुक्काम असतात. आधी काहीच होत नाही. पुढे एक पट्टा असा येतो की तिथे असलेला स्फटिक वाढतो, पण नवा जन्मत नाही. त्याच्या पुढे जन्म होतो. त्याही पुढे गेलात तर गाळ. स्फटिक जन्मावा लागतो एका पट्ट्यात आणि चांगला वाढतो त्याच्या अलीकडच्या पट्ट्यात. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर पुढच्या अर्ध्या युक्त्या तुम्हाला स्वतःलाच सुचतील.

१९२६ मध्ये जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनमधून युरिएजचे स्फटिक काढले, एंझाइमचे पहिले. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांनी एक हात गमावला होता. सुरुवातीच्या प्रयत्नांत बर्फाची पेटी नव्हती, म्हणून ते अर्क खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत. आपला रोबोट बंद पडला की मला हे हटकून आठवतं.

रोबोटला हात लावण्याआधी प्रोटीन

खराब प्रोटीन रोबोटने टाकलं तर खराब थेंब फार अचूक मापाचे मिळतात, बस्स. प्लेट लावण्याआधी माझी तपासणी ठरलेली आहे.

जेलवर एकच पट्टी दिसायला हवी. ९५ टक्के शुद्धता ही खालची मर्यादा धरा. पण जेल सगळं सांगत नाही. साइज एक्सक्लूजन कॉलममधून, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीतून, शेवटचं प्रोटीन काढा आणि शिखर एकच आणि सुडौल आहे का बघा. डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र, असेल तर लावा. रेणूंचे गठ्ठे झाले असतील तर ते तिथे लपत नाहीत. थर्मल शिफ्टने कोणत्या बफरमध्ये प्रोटीन जास्त तापमानापर्यंत टिकतं ते एका दुपारी कळतं, आणि त्या दुपारीने माझे महिने वाचवलेत.

बफर साधा ठेवा: १० ते २० मिलिमोलर ट्रिस किंवा हेपेस आणि प्रोटीन विरघळून राहील एवढंच मीठ. ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या आत. फॉस्फेट बफर नको. स्क्रीनमधल्या, म्हणजे चाचणीसाठीच्या ९६ वेगवेगळ्या द्रावणांच्या तयार संचातल्या, कित्येक द्रावणांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असतात. ते फॉस्फेटला भेटले की देखणे स्फटिक पडतात आणि ते मिठाचे असतात. तुम्ही त्या आनंदात गाइडला फोन करता.

सांद्रता किती? १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपासून सुरुवात करा, पण आंधळेपणाने नको. रोबोट वापरण्याआधी हाताने चार-पाच थेंब लावून बघा, दोन अमोनियम सल्फेटचे, दोन पीईजीचे. सगळ्यांत क्षणार्धात गाळ आला तर प्रोटीन पातळ करा. दुसऱ्या दिवशीही सगळे पाण्यासारखे स्वच्छ असतील तर दाट करा. पूर्ण स्क्रीनमध्ये साधारण निम्म्या थेंबांत गाळ आणि निम्मे स्वच्छ असं चित्र आलं तर सांद्रता जमली.

प्रोटीनला लोंबकळणाऱ्या शेपट्या असतील तर स्फटिकात रेणू शेजारी-शेजारी नीट बसत नाहीत. आता अल्फाफोल्ड या प्रोटीनची रचना वर्तवणाऱ्या संगणक-प्रणालीचा अंदाज काढून ज्या भागाचा विश्वासांक कमी आहे तो कुठे आहे ते बघता येतं आणि क्लोनिंगच्या वेळीच तो छाटता येतो. "अल्फाफोल्ड आहे तर स्फटिक कशाला?" असं कुणी विचारलंच, तर त्याला औषधाचा रेणू प्रोटीनच्या खोबणीत नेमका कसा बसतो, पाण्याचा कोणता रेणू मध्ये येतो, हे प्रयोगाने दाखवायला सांगा.

प्लेट लावण्याच्या ठीक आधी प्रोटीन ४ अंशांवर दहा मिनिटं जोरात सेंट्रिफ्यूज करा. तळाशी काही दिसो न दिसो, वरचंच घ्या. टिपेत अडकलेला एक कण आख्खी रांग खराब करतो.

रोबोटची परीक्षा आधी, तुमची नंतर

नवीन माणसाच्या हाती मी प्रोटीन देतच नाही. आधी पाणी आणि खाण्याचा रंग.

रिकामी प्लेट वजन करा. प्रत्येक रेझर्वॉयरमध्ये ५० मायक्रोलिटर रंगीत पाणी टाकायला सांगा आणि पुन्हा वजन करा. ९६ गुणिले ५०, म्हणजे ४.८ मिलिलिटर, म्हणजे ४.८ ग्रॅम. काटा ४.३ दाखवत असेल तर कुठेतरी अर्धा ग्रॅम कमी पडलाय. प्लेट उजेडात तिरकी धरून फिक्या रंगाच्या खड्ड्यांची रांग शोधा. हे करायला दहा मिनिटं लागतात आणि मशीनबद्दलची निम्मी भीती जाते.

मग लायसोझाइम. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं हे प्रोटीन बाजारात पावडरच्या रूपात मिळतं आणि स्फटिक द्यायला अजिबात आढेवेढे घेत नाही. सोडियम अॅसिटेट बफर, पीएच ४.६ च्या आसपास, रेझर्वॉयरमध्ये ५ ते ८ टक्के साधं मीठ, प्रोटीन ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. रात्रीतून हिऱ्यासारखे टोकदार स्फटिक येतात. आता खरी युक्ती: ९६ च्या ९६ खड्ड्यांत हीच एक स्थिती लावा. दुसऱ्या दिवशी सगळीकडे सारखंच चित्र दिसायला हवं. एखाद्या आख्ख्या आडव्या रांगेत स्फटिक नसतील तर दोष त्या रांगेच्या टिपेत आहे. कडेच्या खड्ड्यांत सुया आणि मध्ये जाड स्फटिक असतील तर कडेचे थेंब सुकत आहेत. सगळीकडे थेंब कट्ट्याच्या कडेला चिकटले असतील तर प्लेटची जागा चुकीची नोंदवलेली आहे. मशीनला स्वतःचा दोष सांगता येत नाही. लायसोझाइमच्या प्लेटवर तो दिसतो.

हीच प्लेट दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावा. दुरुस्तीवाला येऊन गेला की लगेच लावा.

पहिली खरी प्लेट

थेंब लहान करण्यात रोबोटची सगळी कमाई आहे. हाताने एकेक मायक्रोलिटर टाकलात तर ९६ थेंबांना ९६ मायक्रोलिटर प्रोटीन लागतं, म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या हिशेबाने जवळजवळ एक मिलिग्रॅम. रोबोटने १०० नॅनोलिटर टाकले तर ९.६ मायक्रोलिटर. मात्र प्रोटीन आठ खाचांच्या पट्टीत वाटून ठेवावं लागतं. प्रत्येक खाचेत १.२ मायक्रोलिटर थेंबांसाठी आणि तळाला चिकटून राहणारं साधारण ०.४, असे १.६, आठ खाचांचे मिळून जवळपास १३. नवखे लोक बरोब्बर दहा मायक्रोलिटर घेऊन येतात आणि शेवटच्या तीन-चार स्तंभांत हवा टाकतात.

मशीन दोन-तीन धर्तीची असतात. मॉस्क्विटोसारख्या यंत्रात प्रत्येक टिपेत स्वतःचा बारीक दट्ट्या असतो आणि टिपा वापरून फेकायच्या असतात, त्यामुळे चिकट पीईजीनेही फारसं बिघडत नाही. काही यंत्रांत सुई कायमची असते आणि प्रत्येक वेळी धुवावी लागते. तिथे धुण्याचं पाणी संपलं नाही ना, एवढं रोज बघा. ध्वनिलहरींनी थेंब उडवणारीही यंत्रं आहेत, त्यांचा थेंब २.५ नॅनोलिटरचा. तुमच्याकडे जे असेल ते शिका. कुठलं चांगलं यावर चहाच्या टेबलावर भांडायला हरकत नाही, पण स्फटिक त्याने येत नाहीत.

पहिल्या प्लेटला कोणती स्क्रीन? १९९१ मध्ये जानकारिक आणि किम यांनी आधी यशस्वी ठरलेल्या स्थितींमधून निवडून ५० द्रावणांचा संच मांडला. सगळं शोधण्यापेक्षा विखुरलेले ठिपके तपासावेत, अशी ती कल्पना. आजच्या बहुतेक तयार स्क्रीन तिच्याच पोरी-नाती. मी जेसीएसजी-प्लसने सुरुवात करतो, जोडीला पॅक्ट, कारण त्यात पीएच आणि आयन पद्धतशीर बदलत जातात आणि "याला कुठलं वातावरण मानवतं" हे कळतं. प्रोटीन उरलं तर मॉर्फियस. त्यातली द्रावणं गोठवताना वेगळं काही घालावं लागत नाही. सुरुवातीलाच दहा स्क्रीन लावू नका. दोन-तीन स्क्रीनमध्ये नुसती निराशा असेल तर आणखी एक विकत घेण्याऐवजी प्रोटीनकडे परत जा.

आता थेंबाचा खरा शत्रू: कोरडी हवा. शंभर-दोनशे नॅनोलिटरचा थेंब उघड्यावर मिनिटांत सुकायला लागतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी एसी सुरू असताना लावलेली प्लेट आणि जुलैत लावलेली प्लेट, स्थिती तीच असली तरी वेगवेगळ्या वागतात, हे मी वहीत दोन वर्षं टिपलंय. रोबोटभोवती दमट पेटी असेल तर ती आधी अर्धा तास चालू करा. नसेल तर ओले टिश्यू ठेवा, एसीचा झोत दुसरीकडे वळवा, टेप आधीच कापून हाताशी ठेवा. शेवटचा थेंब पडल्यापासून टेप लागेपर्यंत मिनिटभरापेक्षा जास्त जाऊ नये.

टेप लावताना रबरी रोलर किंवा जुनं एटीएम कार्ड वापरा आणि प्रत्येक रांगेवरून दाबून फिरवा. कोपरे विसरू नका. महिन्याने फक्त एच रांगेतल्या रेझर्वॉयरमध्ये पातळी खाली गेलेली दिसली तर ती रांग दाबायची राहिली होती.

तापमान २० अंश, आणि प्रोटीन पुरत असेल तर दुसरी प्लेट ४ अंशांवर. थंड खोलीतली प्लेट बाहेर आणून सावकाश बघत बसू नका. टेपच्या आतून दव धरतं आणि ते थेंबात पडलं की खेळ संपला. स्फटिकांच्या कपाटाला यूपीएस हवाच. रात्री तीन तास वीज गेली आणि कपाट ३१ अंशांवर गेलं, ही नोंद कुणी केली नाही, तर पुढच्या महिन्यात "स्थिती परत येत नाही" म्हणून सगळे डोकं धरतात.

प्लेट उलटी बसली तेव्हा

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. बी३ मध्ये (बी रांग, तिसरा स्तंभ) छोटे, धारदार स्फटिक आले. मी त्या स्थितीची जाळी लावली, म्हणजे तिच्या आजूबाजूच्या स्थिती तपासल्या. काही नाही. पीएच बदलला. काही नाही. प्रोटीन नवीन काढलं, जुनं वितळवलं, रसायनाची बाटली बदलली. साडेपाच आठवडे. मग एका संध्याकाळी जुनी प्लेट हातात घेऊन फिरवताना लक्षात आलं, कापलेला कोपरा चुकीच्या बाजूला आहे. आमच्या रोबोटच्या पाटावर प्लेट दोन्ही बाजूंनी बसायची आणि त्या दिवशी मी ती अर्धी फिरवून ठेवली होती. म्हणजे ए१ च्या जागी एच१२. बी३ च्या जागी जी१०. जी१० ची द्रावणं मिसळली आणि तीन दिवसांत स्फटिक हजर.

तेव्हापासून तीन सवयी आहेत. ए१ च्या कोपऱ्यावर मार्करने काळा ठिपका, प्लेट पाकिटातून काढल्याक्षणी. बारकोड चिकटवायचा तो नेहमी एकाच बाजूला. आणि स्क्रीनच्या ठोकळ्यात एखाद्या खड्ड्यातलं द्रावण रंगीत असेल, कोबाल्टचं गुलाबी, निकेलचं हिरवट, तर प्लेटमध्ये तो रंग योग्य जागी उतरलाय का ते बघायचं. हे फुकटचं ओळखपत्र आहे.

स्वयंचलित व्यवस्थेत प्लेटची सगळी ओळख त्या बारकोडवर असते: कुठलं प्रोटीन, कुठली बॅच, सांद्रता, बफर, स्क्रीनचा लॉट, तारीख, कुणी लावली. "नंतर भरतो" म्हणून ठेवलेले रकाने कधीच भरले जात नाहीत. आमच्याकडे नियम आहे: बॅच नंबर नाही, तर प्लेट कपाटात जात नाही.

फोटो यंत्र काढतं, बघायचं तुम्ही

इमेजर ठरलेल्या दिवशी प्लेट ओढून घेतो, ९६ फोटो काढतो आणि परत ठेवतो. वेळापत्रक साधारण असं ठेवतात: लावल्यावर लगेच, मग १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ दिवसांनी. सुरुवातीला बदल झपाट्याने होतात, नंतर सावकाश. शून्याव्या दिवसाचा फोटो कधीही टाळू नका. त्या दिवशीच जो धागा दिसतो तो टिश्यू पेपरचा आहे, प्रोटीनचा नाही. माझे पहिले "सुईसारखे स्फटिक" असेच होते आणि मी ते ग्रुप मीटिंगमध्ये दाखवले होते.

एका प्लेटचे नऊ वेळा ९६, म्हणजे ८६४ फोटो. दहा प्लेटचे साडेआठ हजारांवर. इथे संगणकाची मदत खरोखर होते. २०१८ मध्ये मार्को नावाचं मॉडेल प्रसिद्ध झालं. वेगवेगळ्या लॅबमधले जवळपास पाच लाख फोटो वापरून ते शिकवलं होतं आणि प्रत्येक फोटो ते चार गटांत टाकतं: स्वच्छ, गाळ, स्फटिक, इतर. अचूकता सुमारे ९४ टक्के. ऐकायला छान वाटतं, पण हिशेब करा. दहा हजारांत सहाशे चुकले, आणि तुमच्याकडे खरे स्फटिक असलेले थेंब चारच असतील तर ते त्या सहाशेत नाहीत याची खात्री कोण देणार? म्हणून मी मॉडेलचा उपयोग चाळणीसारखा करतो. ते ज्याला स्फटिक म्हणतं ते आधी बघायचं. स्वच्छ म्हणतं ते शेवटी, भरभर. आणि पहिल्या दोन-तीन प्लेट तर पूर्ण स्वतःच्या डोळ्यांनी. गाळागाळात फरक असतो आणि तो बघूनच कळतो. तपकिरी, चिंध्यांसारखा गाळ म्हणजे प्रोटीन मेलं. पण बारीक, दाणेदार, ध्रुवित प्रकाशात चमचमणारा गाळ म्हणजे तिथे सूक्ष्म स्फटिक असू शकतात. तेलाच्या तवंगासारखे थेंबातले थेंब दिसले तरी वाईट मानू नका. पुष्कळदा स्फटिक त्यांच्या कडेवरच उगवतात.

ध्रुवित प्रकाशातली चमक फसवूही शकते. क्यूबिक, म्हणजे घनाकृती जातीचे स्फटिक त्यात चमकतच नाहीत आणि स्वस्त प्लास्टिकची प्लेट मात्र स्वतःच इंद्रधनुष्य दाखवते.

मीठ आहे का?

नवीन स्फटिक दिसला की पहिला प्रश्न हाच. यूव्ही इमेजर असेल तर सोपं आहे: प्रोटीनमधलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल चमकतं, मीठ चमकत नाही. तुमच्या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन नसेल तर मात्र ही चाचणी तुमच्यासाठी नाही. अमिनो आम्लांचा क्रम आधी तपासा. निळा रंग घालून बघता येतं. प्रोटीनच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणी असतं, बोगदे असतात, त्यांतून रंग आत शिरतो. मिठाचा घट्ट स्फटिक रंग घेत नाही.

आणि सगळ्यात जुनी चाचणी, सुई. प्रोटीनचा स्फटिक सुई लागताच खव्यासारखा भुगा होतो. मिठाचा दाद देत नाही, आणि शेवटी तुटतो तेव्हा कट् असा आवाज ऐकू येतो, टेप काढलेल्या प्लेटवर कान दिला तर. थेंबात एकापेक्षा जास्त स्फटिक असतील तरच हे करा.

जाळी लावणं: खरी मदत इथे होते

पहिल्या स्क्रीनमध्ये मिळालेला स्फटिक क्वचितच थेट वापरता येतो. बारीक असतो, गुच्छ असतो किंवा पातळ पापुद्रा. आता त्या स्थितीच्या आजूबाजूला शोध घ्यायचा: एका बाजूने पीएच, दुसऱ्या बाजूने पीईजी. माझं मत विचाराल तर छोट्या लॅबने सगळ्यात आधी हे मिसळणं यंत्राकडे द्यावं. नॅनोलिटरचा महागडा रोबोट नसला तरी चालेल. ओटी-२ सारखा साधा पिपेट रोबोट १ मायक्रोलिटरपासून पुढे काम करतो आणि जाळीची द्रावणं झोप न येता बनवतो. ९६ खड्ड्यांत चार-चार द्रव म्हणजे ३८४ वेळा पिपेट दाबणं. माणूस दोनशेच्या पुढे हमखास चुकतो.

एका खड्ड्याचा हिशेब करून दाखवतो. हवंय: २० टक्के पीईजी ३३५०, ०.२ मोलर मीठ, ०.१ मोलर बफर, एकूण १ मिलिलिटर. साठा: पीईजी ५० टक्के, मीठ २ मोलर, बफर १ मोलर. तर पीईजी ४०० मायक्रोलिटर, मीठ १००, बफर १००, पाणी ४००. हाच हिशेब स्प्रेडशीटमध्ये ९६ ओळींत ओढा आणि यंत्राला द्या. प्रत्येक खड्ड्यातल्या चारही आकड्यांची बेरीज १,००० येते का हे सूत्राने तपासा. एखाद्या ओळीत पाणी उणे आलं तर तुमचा साठा पुरेसा दाट नाही. पीएचचा उतार करायला प्रत्येक खड्ड्याचा पीएच लावत बसू नका. एकाच बफरचे आम्लाकडचे आणि अल्कलीकडचे असे दोन साठे करा आणि त्यांचं प्रमाण बदलत न्या. पीईजी यंत्राला हळू ओढायला आणि हळू सोडायला सांगा, आणि सोडल्यावर दोन सेकंद थांबायला सांगा. मधासारखं असतं ते. ठोकळा नंतर झाकून नीट हलवा. पीईजी तळाशी बसतं आणि वरचं पाणी घेऊन तुम्ही प्लेट लावता.

थेंब मोठा करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. २०० नॅनोलिटरचा थेंब लवकर आटतो, दोन मायक्रोलिटरचा सावकाश. नॅनो थेंबात आलेली स्थिती मोठ्या थेंबात जशीच्या तशी येईल असं नाही. पीईजी थोडं वर-खाली करून पाहावंच लागतं.

मग बी टाकणं, म्हणजे सीडिंग. घरी दह्याला विरजण लावतो तसंच. जे काही मिळालंय, गुच्छ, सुया, बारीक चुरा, ते रेझर्वॉयरच्याच ५० मायक्रोलिटर द्रावणात मण्यासोबत घालून फेटा. अर्धा मिनिट फेटायचं, बर्फावर ठेवायचं, असं चार-पाच वेळा. पाण्यात किंवा बफरमध्ये फेटलंत तर बी विरघळून जातं. हे दरवर्षी कुणीतरी करतंच. आता हे बी घेऊन पुन्हा पूर्ण स्क्रीन लावा: ३०० नॅनोलिटर प्रोटीन, २०० रेझर्वॉयर, १०० बी. पहिल्या वेळी स्वच्छ राहिलेल्या कितीतरी थेंबांत आता स्फटिक दिसतात, कारण त्या जागी स्फटिक वाढू शकत होता, जन्मू शकत नव्हता. थेंबभर चुरा पडला तर विरजण जास्त झालं. दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून पुन्हा लावा. उरलेलं बी छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० वर ठेवा. हे काम हाताने ९६ थेंबांत करून बघा, म्हणजे तिसऱ्या रांगेला रोबोटची किंमत कळेल.

उचलणं

इतकं यंत्राने झाल्यावर स्फटिक उचलायला मात्र बहुतेक लॅबमध्ये अजून माणूसच लागतो. नायलॉनच्या बारीक फासात तो धरायचा, २० ते २५ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या द्रावणातून न्यायचा आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. थेंब उघडल्यावर तुमच्याकडे काही मिनिटं असतात. ग्रेनोब्लच्या ईएमबीएलमध्ये लेसरने प्लेटच्या तळाची पातळ फिल्म कापून स्फटिक फिल्मसकट उचलणारं यंत्र बनवलं आहे. ब्रिटनच्या डायमंड या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, माणसाच्या हाताखाली प्लेट सरकवणारी अर्धस्वयंचलित व्यवस्था आहे. २०२० मध्ये करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर १,२५० हून अधिक फ्रॅग्मेंट, म्हणजे औषधशोधासाठीचे छोटे रेणू, तिथे तपासले गेले. तेवढ्या संख्येने एकसारखे स्फटिक हवे असतील तेव्हा, लायसोझाइमची ती ९६ सारख्या खड्ड्यांची कंटाळवाणी प्लेट कशासाठी होती, हे कळतं.

आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर भाभा अणुसंशोधन केंद्राची पीएक्स-बीएल२१ ही क्ष-किरणांची बीमलाइन खास प्रोटीनच्या स्फटिकांसाठी आहे. तिथे जाण्याआधी प्रत्येक पिनवर कुठल्या प्लेटच्या कुठल्या खड्ड्यातला स्फटिक आहे याची यादी कागदावर काढून न्या. एक प्रत डब्यात, एक खिशात. सगळ्यात देखणा स्फटिक शेवटी ठेवू नका. देखणेपणाचा आणि विवर्तनाचा, म्हणजे स्फटिक क्ष-किरण किती नीट विखुरतो याचा, संबंध फारसा नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डेटा एका कोपरा तुटलेल्या स्फटिकाने दिलाय.

परत आल्यावर जुन्या प्लेट फेकायची घाई करू नका. कपाटात जागा नसेल तर इमेजरमधून काढून खोक्यात ठेवा, २० अंशांवर, टेप वर. सहा महिन्यांनी एखाद्या कंटाळवाण्या शुक्रवारी त्या एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. सुकलेल्या सोडा. पण ज्या थेंबावर ३४ व्या दिवशी "स्वच्छ" असा शिक्का आहे आणि रेझर्वॉयर अजून भरलेलं आहे, तो जरा जास्त वेळ बघा.